आजींच्या नावावरची रेघ

मतदार यादीचं काम पहिल्यांदा अंगावर आलं तेव्हा आमच्या शाळेतल्या बाकीच्या शिक्षिका कुरकुरल्या. मला मात्र ते काम आवडलं. जुनी छापील यादी घेऊन घरोघर जायचं, दार उघडेल त्याला विचारायचं, कोण कोण राहतं, कोण नव्याने मतदानाच्या वयाचं झालं, कोण घर सोडून गेलं. जो वारला त्याच्यापुढे ‘मयत’, जो दुसरीकडे राहायला गेला त्याच्यापुढे ‘स्थलांतरित’, ज्याचं नाव दोन ठिकाणी आलं त्याच्यापुढे ‘दुबार’, आणि मग नावावर लाल शाईची आडवी रेघ. ती रेघ मी पट्टी लावून मारत असे.

याद्या करायची मला पहिल्यापासून सवय. फ्रीजच्या दारावर किराण्याची यादी, शाळेच्या पिशवीत दिवसभराच्या कामांची, आणि आमच्या महिला मंडळाची मी चिटणीस असल्यामुळे मंडळाची एक वेगळी वही. काम झालं की त्यापुढे बरोबरची खूण करायची. त्या खुणेचं सुख ज्याला माहीत त्यालाच माहीत. ऐंशीच्या दशकात डोंबिवलीत इमारती इतक्या भराभर उठत होत्या की दर फेरीला नव्या गल्ल्या निघायच्या. तरीही कल्याणच्या कचेरीत माझी यादी बहुतेक वेळा पहिली जमा व्हायची. एका वर्षी मात्र माझ्या भागात दोन नावं दुबार निघाली आणि पर्यवेक्षकांनी पंधरा-वीस जणांच्या देखत म्हटलं, “बाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.” ते इतकं लागलं, की पुढे ‘दुबार’ हा शब्द नुसता वाचला तरी माझे कान गरम व्हायचे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात त्याचा वाटा आहे. सबब म्हणून सांगत नाही.

आजींची ओळख त्याच सुमारास झाली. आमच्या समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर त्यांचा धाकटा मुलगा राहायचा. थोरला ठाण्याला, तलावपाळीच्या मागच्या बाजूला. यजमान गेल्यापासून आजींचं वर्ष दोन मुलांत वाटलेलं होतं. दिवाळी झाली की डोंबिवली, अक्षय्य तृतीया झाली की ठाणे. त्यांची एक हिरवी ट्रंक होती. ती रिक्षातून उतरताना दिसली की आमच्या गल्लीला कळायचं, आजी आल्या.

शनिवारी दुपारी मंडळाच्या सभेला त्या यायच्या. सुरुवातीला आम्हाला वाटलं, सुनेला दोन तास मोकळे मिळावेत म्हणून येतात. मग एकदा कुणीतरी सहज विचारलं, “आजी, तुमच्या काळी असली मंडळं होती का हो?” आणि आजींनी आम्हाला तासभर जागेवरून हलू दिलं नाही.

त्या ठाण्याच्याच. लग्नही ठाण्यातच झालेलं. इंग्रजांच्या राज्यात मत सगळ्यांना नव्हतं. ज्याच्याकडे घरदार, जो कर भरतो, जो शिकलेला, त्यालाच. बायका त्यात फार थोड्या बसायच्या, आणि ज्या बसायच्या त्यांनाही आपण होऊन अर्ज करावा लागायचा. कोण करणार? आजी तेव्हा विशी-पंचविशीच्या. बायकांना मत मिळालंच पाहिजे म्हणून ठाण्यात ज्या पहिल्या चार-पाच जणी उभ्या राहिल्या, त्यांतल्या त्या एक. दोघी मैत्रिणींना घेऊन कोरे अर्ज आणि शाईची दौत पिशवीत घालून घरोघर जायच्या. सभेत बोलायच्या. एका माडीवरून त्यांच्या अंगावर भांड्यांचं खरकटं पाणी आलं. “नेम चांगला होता हो,” आजी म्हणाल्या, “पण अर्ज पदराखाली होते. एकही भिजला नाही.”

स्वातंत्र्यानंतर मत सगळ्यांना मिळालं, तेव्हा नवीनच अडचण. बायका यादीत स्वतःचं नाव सांगेनात. अमक्याची आई, तमक्याचं कुटुंब, एवढंच. असं लिहिलं तर नाव धरलं जायचं नाही. आजी पुन्हा पिशवी घेऊन निघाल्या. या वेळी त्यांनी एक नियम केला होता. नाव जिचं, ते तिच्याच तोंडून घ्यायचं. सासू सांगेल, नवरा सांगेल, ते लिहायचं नाही.

“सासवा म्हणायच्या, लिहा की, आमची सून म्हणून. मी टाक खाली ठेवायचे. म्हणायचे, तिला बाहेर बोलवा, नाहीतर मी आत येते. एका घरी ती बाळंतिणीच्या खोलीत होती. चार तास बसले. शेवटी सासूच वैतागली. म्हणाली, जा बाई, आत जा, पण हात-पाय धुऊन जा.”

“आणि कोळीवाड्यात?” एकीने विचारलं. आजींचं माहेर चेंदणीच्या कोळीवाड्याच्या जवळ होतं, हे आम्हाला ऐकून माहीत होतं.

आजी हसल्या. “तिथे उलटंच. एका कोळणीने टोपली उतरवली आणि म्हणाली, ‘लिव माजा नाव, मोठ्यान लिव. बाजारान सगली मना माज्याच नावान हाक मारतान. तुमच्या बायका कशाला लाजतान गो?’ मी टाक उचलला. मुकाट्याने लिहिलं.”

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण माझ्या डोक्यात त्या चार तासांचं गणित चाललेलं होतं. एका घराला चार तास! तेवढ्या वेळात माझी चाळीस घरं व्हायची. मी मनात म्हटलं, तो काळ वेगळा. आता असं कुठे उरलंय? आता दार उघडणारा सांगतो आणि आपण लिहितो.

नव्वदच्या दशकात महापालिकेत बायकांसाठी पहिल्यांदा जागा राखीव झाल्या. आमचा वॉर्ड बायकांचा निघाला. त्याच वर्षी श्रावणात, निवडणुकीच्या तीन महिने आधी, मतदार यादी दुरुस्त करायचं काम आलं आणि समोरची इमारत माझ्याच वाट्याला आली.

आजींच्या दारावर मी गेले तेव्हा दुपारचे साडेचार झाले होते. मला दिवे लागायच्या आत दोन इमारती संपवायच्या होत्या. सुनेने दार उघडलं. तिचा मुलगा माझ्या वर्गात होता, त्यामुळे ती मला बाईच म्हणायची.

“या ना बाई, चहा टाकते.”

“नको गं, अजून वीस घरं आहेत. पटकन सांग. तू, हे, आणि आजी?”

“आई ठाण्याला असतात.”

“हो, ते माहितीये. पण नाव?”

“नाव...” ती जरा घुटमळली. “आता बघा ना, मे महिन्यापासून तिकडेच आहेत. या वेळी गुडघ्याचे उपचार चाललेत, जास्त दिवस राहतील म्हणतात. तिकडेही आले असतील ना हो नाव लिहायला?”

मीही घुटमळले. फार नाही, पेनाचं टोपण काढायला लागतो तेवढा वेळ. सहा महिने तिकडे, म्हणजे तिकडच्या माणसाने नाव लिहिलं असणार. इकडेही ठेवलं तर दुबार. कचेरीतल्या पंधरा-वीस जणांच्या नजरा मला आठवल्या. पट्टी लावली, रेघ मारली, पुढे ‘स्थलांतरित’ लिहिलं. माझ्या स्वतःच्या डायरीत मी रोज घरवार नोंद ठेवते. तिथे लिहिलं: ‘आजी ठाण्याला. तिथे होईल.’ पुढे बरोबरची खूण.

आजी कोण आहेत हे मला माहीत होतं. त्यांनी आयुष्यभर काय केलं हेही माहीत होतं. अनोळखी बाईचं नाव असतं तर कदाचित मी जास्त चौकशी केली असती. ओळखीच्या माणसाबद्दल आपल्याला सगळं ठाऊक आहे असं वाटतं.

आजी त्या वर्षी दिवाळीची वाट न बघता दसऱ्यालाच आल्या. ट्रंक उतरली, मागून दोघांच्या आधाराने आजी. आल्या आल्या त्यांनी मंडळात जाहीर केलं, “आपल्या वॉर्डात सगळ्या बायकाच उभ्या आहेत म्हणे. हे बघितल्याशिवाय मी मरायची नाही.”

“आजी, मग तुम्हीच उभ्या राहा!”

“मला उभं राहायला दोघी लागतात धरायला. निवडून यायला किती लागतील?”

तेव्हाच सत्काराचं ठरलं. खरं तर ते आम्हाला दहा वर्षं आधी सुचायला हवं होतं. अध्यक्षांनी बजावून सांगितलं, “कुठल्याही उमेदवार बाईला स्टेजवर बोलवायचं नाही. एक आली तर बाकीच्या सहा जणी माझ्या दारात.” मी यादी केली. हॉल, माईक, खुर्च्या, शाल, श्रीफळ, मानपत्र, पेढे, आजींना आणायला रिक्षा, आणि खाली न बसता येणाऱ्यांसाठी पुढच्या दोन रांगा. मानपत्राचा मजकूर मीच लिहिला. एका रविवारी संध्याकाळी पाचची वेळ ठरली. मतदान त्याच आठवड्यात होतं.

शनिवारी दुपारी यादीतली सगळी कामं झाली होती म्हणून मी मंडळाच्या सभासदांच्या मतदानाच्या चिठ्ठ्या करायला घेतल्या. प्रत्येकीचा यादीतला क्रमांक लिहून दिला की केंद्रावर शोधाशोध होत नाही. हे मी दर निवडणुकीला करायची. नवी छापील यादी समोर होती. समोरच्या इमारतीचं पान उघडलं. मुलाचं नाव होतं, सुनेचं नाव होतं. त्याखाली सरळ शेजारचं घर.

मला तेव्हासुद्धा लगेच कळलं नाही. मी छापखान्याला दोष दिला. मग कपाटातून श्रावणातली डायरी काढली. ‘तिथे होईल.’ पुढे बरोबरची खूण, माझ्याच अक्षरात.

ठाण्याच्या थोरल्या मुलाकडे फोन लावला. त्याच्या बायकोने सांगितलं, “आले होते ना नाव विचारायला. मी म्हटलं, सासूबाई डोंबिवलीला असतात, त्यांचं नाव पहिल्यापासून तिकडेच आहे.” तिचं काही चुकलं नव्हतं. तिने खरं तेच सांगितलं होतं. डोंबिवलीच्या सुनेनेही खरं तेच सांगितलं होतं. तलावपाळीच्या घरी आजी तेव्हा आतल्या खोलीत गुडघ्याला शेक घेत बसलेल्या असणार. त्यांना विचारायला कुणी आत गेलं नाही. आणि हा एवढा एक फोन मला श्रावणातही करता आला असता.

कचेरी सोमवारी उघडणार होती. मी ठरवलं, सोमवारी काही ना काही मार्ग निघेल, तोपर्यंत कुणाला बोलायचं नाही.

म्हणजे रविवारी माईकवर उभं राहून ते मानपत्र मीच वाचलं. ‘ज्यांनी दारोदार हिंडून स्त्रियांची नावं मतदार यादीत आणली’ हे वाक्य माझंच होतं. ते वाचताना आवाज बसला. लोकांना वाटलं, बाई गहिवरल्या. टाळ्या पडल्या. आजींनी शाल नीट घडी करून मांडीवर ठेवली आणि बसल्या जागेवरून बोलल्या. फार नाही, दोन-तीन मिनिटं. म्हणाल्या, “शाल छान आहे. पण मला खरा सत्कार हवाय तो वेगळा. मतदानाच्या दिवशी मला कुणीतरी केंद्रावर घेऊन चला. रांगेत उभी राहीन. मध्ये घुसवू नका. सगळ्या बायकांमधून एक बाई निवडायची, हे मी आयुष्यात पहिल्यांदा करणार आहे, आणि शेवटचंही असेल. मला ते माझ्या हाताने करू द्या.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “ही नेईल. हिच्या यादीत एकदा काम लिहिलं की ते होतंच.”

सोमवारी शाळेत अर्धी रजा टाकून कल्याण गाठलं. कचेरीतले कारकून मला ओळखत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, “बाई, मुदत केव्हाच संपली. आता यादी हलत नाही. तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्हीच हे काम करता.” पुरवणी यादी निघाली आहे का, तिच्यात तरी असेल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, “केंद्रावर असेल, तिथे बघा.” त्यांनाही माहीत होतं की नसणार, आणि मलाही.

परत येताना स्टेशनवरून थेट आजींकडे जायचं आणि सांगायचं, असं मी ठरवलं होतं. डायरीत लिहिलंही होतं: ‘आजींना सांगणे.’ त्यांच्या जिन्याच्या तोंडाशी जाऊन मी परत फिरले. मनाची समजूत घातली, की पुरवणी यादी अजून बघायची आहे. त्या ओळीपुढे बरोबरची खूण कधीच झाली नाही.

मतदानाच्या सकाळी मी आधी माझं मत टाकून आले, म्हणजे मग आजींबरोबर सावकाश जाता येईल. मग रिक्षा आणली. आजी तयार होत्या. सत्काराची शाल पांघरलेली, केस नीट बांधलेले, हातात चष्म्याचा डबा. केंद्र जवळच्याच शाळेत होतं. आम्ही एक खुर्ची मिळवली आणि आजी रांगेत खुर्चीवर बसल्या. रांग सरकली की मागच्या-पुढच्या बायका खुर्ची उचलून एक पाऊल पुढे ठेवायच्या. “आजी, पालखी निघाली तुमची,” एकजण म्हणाली. आजी म्हणाल्या, “भोई जरा हळू चाला गं, मी पडले तर मत बाद व्हायचं.” सगळ्या हसत होत्या. अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात आजींच्या कानाशी वाकून एक वाक्य सांगायला मला कुणी अडवलं नव्हतं.

आत टेबलावरच्या तरुण अधिकाऱ्याने नाव विचारलं. आजींनी मोठ्याने, स्पष्ट, पूर्ण नाव सांगितलं. त्याने बोट फिरवलं, पान उलटलं, परत फिरवलं. पुरवणी यादी बघितली. मग शेजारच्या मोठ्या साहेबांना बोलावलं. ते खुर्चीवरून उठून आजींच्या जवळ आले.

“आजी, नाव नाहीये तुमचं यादीत.”

“असं कसं? नीट बघा.”

“बघितलं. इथून कमी केलंय.” त्यांनी कागदांतून काहीतरी काढून वाचलं. “स्थलांतरित.”

“म्हणजे?”

“म्हणजे दुसरीकडे राहायला गेलात.”

“कुठे गेले मी?” आजी म्हणाल्या. “इथे तर आहे.”

साहेबांनी तो कागद परत खाली ठेवला. चांगला माणूस होता. दोनदा म्हणाला, “माझ्या हातात असतं तर...” आजींनी टेबलाच्या पलीकडे, कोपऱ्यातल्या पुठ्ठ्याच्या आडोशाकडे एकदा पाहिलं. तिथे एक बाई वाकून शिक्का मारत होती. आजी म्हणाल्या, “चला.”

बाहेर येईपर्यंत रांगेतल्या बायकांना कळलं होतं. कुणी हसत नव्हतं. रिक्षात बसल्यावर आजींनी शाल काढून मांडीवर ठेवली. मी डावा हात पदरात गुंडाळून बसले होते, कारण बोटावरची शाई अजून ताजी होती.

“कुणी काढलं असेल गं?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, “याद्यांमध्ये घोळ होतो आजी. कचेरीत कुठेतरी झाला असेल.”

हे मी बोलले. पंचवीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवणारी मी.

आजी रस्त्याकडे बघत होत्या. न वळता म्हणाल्या, “कचेरी घरी येत नाही. कुणीतरी माणूसच घरी आलं असणार. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.”

त्यानंतर आजी डोंबिवलीतच होत्या, समोरच्याच इमारतीत. त्यांच्या गॅलरीतून आमचं फाटक दिसायचं. मी शाळेला मागच्या गल्लीने जायला लागले. लांब पडायचं, एमआयडीसीकडून येणारा वासही त्या बाजूला जास्त. मंडळाच्या सभेला त्या आल्या की मी त्यांना खुर्ची द्यायची, चहा द्यायची, गुडघ्याची चौकशी करायची. बोटावरची शाई आधी कातडीवरून गेली, मग नखाबरोबर वर सरकत सरकत महिन्या-दीड महिन्याने कापली गेली.

संक्रांतीनंतर मी नाव परत घालायचा अर्ज भरून त्यांच्याकडे घेऊन गेले. तेवढं तरी करू, असं मनाशी म्हटलं. आजी पलंगावर बसून होत्या. त्यांनी अर्ज अथपासून इतिपर्यंत वाचला. सही केली, सावकाश, एकेक अक्षर सुटं. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“अजून काही?”

“नाही आजी. एवढंच.”

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि पेनाचं टोपण लावून पेन माझ्या हातात दिलं.

होळीच्या आधी त्यांना ताप भरला. थोरला मुलगा गाडी घेऊन आला आणि ठाण्याला घेऊन गेला. ट्रंक या वेळी मागेच राहिली. आठ दिवसांत गेल्या. पुढची निवडणूक अगदी तोंडावर होती.

पुढच्या वेळी यादीचं काम आलं तेव्हा मी मुख्याध्यापकांकडे जाऊन सूट मागितली. ते म्हणाले, “बाई, तुम्हीच नाही म्हटलंत तर मी कुणाला सांगू?” समोरची इमारत पुन्हा माझ्याकडेच आली. मी ती शेवटी ठेवली होती. सुनेने दार उघडलं. बाहेरच्या खोलीत आजींचा फोटो होता, त्याखाली आम्ही दिलेलं मानपत्र.

मी दारातच उभी राहून यादी उघडली. आजींचा अर्ज मंजूर झाला होता. नाव परत छापून आलं होतं, अगदी व्यवस्थित, सुनेच्या नावाखाली.

सून म्हणाली, “बाई, मागच्या वेळी मीच म्हटलं होतं ना, त्या ठाण्याला असतात म्हणून. मला फार लागून राहिलंय ते.”

“तुझं काय त्यात? लिहिलं मी.” हे वाक्य मी पहिल्यांदाच कुणापुढे मोठ्याने बोलत होते.

“ते सांगितलं मी त्यांना.”

“कुणाला?”

“आईंना. त्या दिवशी केंद्रावरून वर आल्या आणि मला विचारलं, श्रावणात नावं लिहायला कोण आलं होतं गं? मी म्हटलं, बाईच आल्या होत्या. खोटं कसं सांगणार?”

“चिडल्या?”

“नाही. शाल घडी करून ठेवली. मग म्हणाल्या, येईल ती सांगायला. संध्याकाळी चहाचं आधण जरा जास्त ठेव.” सुनेने पदराने हात पुसले. “दोन-तीन दिवस म्हणत होत्या. मग म्हणायचं सोडलं. तुम्ही तो अर्ज घेऊन आलात ना, तेव्हा मला वाटलं, सांगितलंत.”

मी पेन काढलं. वारसांना विचारून नोंद करायची असा नियम आहे. या वेळी विचारायला दुसरं कुणी नव्हतंच. ‘मयत’ लिहिलं आणि रेघ मारली. पट्टी पिशवीत होती, ती काढली नाही. रेघ वाकडी आली.

“मग बाकी कोण आहे नाव लिहायचं?” मी विचारलं.

“थोरलीला अठरा पूर्ण झाली. लिहा ना, मी सांगते नाव.”

“नको. तिला बोलाव.”

“ती क्लासला गेलीये, यायला तास लागेल. तुमची बाकीची घरं...”

“थांबते मी.”

सुनेने दार पूर्ण उघडलं. मग आत वळली. आतून विचारलं, “चहा ठेवू?”

“ठेव,” मी म्हटलं, आणि चपला काढून आत आले.